मोटारीची बाजू आणि चाचणीचा पुतळा : बाजूच्या धडकेपासून मिळणाऱ्या संरक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

विसाव्या शतकातील तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना मोटारीकडे बहुधा वेग, उत्पादन आणि भांडवल या अंगांनी पाहिले जाते. मोटारीत बसलेल्या माणसाच्या शरीराकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वास्तविक या शरीराच्या इतिहासाची साधने विपुल आहेत. सरकारी राजपत्रे, चाचण्यांच्या नियमावल्या, अपघातांची मूल्यमापने ही सारी कागदपत्रे उपलब्ध असून ती इतिहासाच्या अभ्यासकाने वाचण्याजोगी आहेत. प्रस्तुत निबंधात मोटारीला बाजूने बसणाऱ्या धडकेपुरताच विचार केला आहे.

एकाच आकाराच्या, जवळजवळ एकाच किमतीच्या दोन मोटारींपैकी एकीतील प्रवासी बाजूच्या धडकेतून वाचतो आणि दुसरीतील वाचत नाही, असे का घडते? याचे उत्तर केवळ पत्र्याच्या जाडीत शोधले जाते. ‘पूर्वीच्या गाड्या कशा दणकट असत’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. चाचणीच्या नियमावल्या वाचल्यावर वेगळेच चित्र दिसते. चाचणी घेणाऱ्यांनी कोणाचे शरीर मोटारीत बसवले, ते कोणत्या आसनावर बसवले आणि त्याच्या अंगावर किती वजनाची धडक सोडली, यावर त्या त्या काळातील मोटारीचे संरक्षण ठरत गेले. ज्या शरीराचे मोजमाप झाले त्याच्यासाठी मोटार बदलली. ज्याचे झाले नाही ते बराच काळ तसेच राहिले.

दार : मोटारीची पातळ भिंत

समोरची धडक आणि बाजूची धडक यांत भूमितीचाच मोठा फरक आहे. समोरून धडक बसली तर प्रवासी आणि धडकणारी वस्तू यांच्यामध्ये इंजिनाचा सारा कप्पा असतो. बेला बारेनी या अभियंत्याच्या कल्पनेनुसार मर्सिडीज कंपनीने १९५९ मध्ये आपल्या मोटारीचा पुढचा व मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बांधला आणि मधला प्रवाशांचा कप्पा कणखर ठेवला. धडकेची ऊर्जा पत्रा चुरगळण्यात खर्च व्हावी, हे त्यामागचे तत्त्व होते. बाजूला हे तत्त्व लागू करण्यास जागाच नाही. दाराचा बाहेरचा पत्रा आणि माणसाच्या बरगड्या यांत वीतभर अंतर असते, क्वचित थोडे अधिक. त्या वीतभर जागेतच काच खाली-वर होण्याची यंत्रणा, कुलूप आणि ध्वनिवर्धक बसवायचा असतो.

याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की बाजूच्या धडकेत माणूस दारावर जाऊन आदळण्याआधी दारच माणसावर येऊन आदळते. धडकणाऱ्या वाहनाच्या रेट्याने दार आत येते आणि सेकंदाच्या काही शतांश भागात ते छातीला व कमरेला भिडते. साधा आसनपट्टा येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो माणसाला पुढे जाण्यापासून रोखण्यासाठी आहे. धडकेच्या विरुद्ध बाजूला बसलेल्या प्रवाशाला त्याचा लाभ मिळतो. ज्या बाजूला धडक बसते तेथे संरक्षण द्यायचे ते मोटारीच्या सांगाड्याने, दाराच्या आतील भरावाने आणि पुढे आलेल्या एअरबॅगने.

दाबयंत्रापासून धावत्या अडथळ्यापर्यंत

राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसने वाहतूक व मोटारवाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा संमत केला. त्या कायद्यान्वये जी मानके तयार झाली त्यांपैकी २१४ क्रमांकाचे मानक बाजूच्या दारांविषयी होते. ते १ जानेवारी १९७३ पासून प्रवासी मोटारींना लागू झाले. मात्र त्यापूर्वीच, १९६९ च्या मोठ्या मोटारींत जनरल मोटर्सने दाराच्या आत पोलादी आडवी तुळई बसवण्यास आरंभ केला होता. कायदा उद्योगाच्या पुढे चालत होता की मागे, हा प्रश्न या प्रकरणात वारंवार उद्भवतो.

या मानकाची चाचणी आज वाचताना मौज वाटते. मोटार एका जागी घट्ट बांधून ठेवायची आणि १२ इंच व्यासाचा पोलादी दंडगोल दारावर हळूहळू दाबत न्यायचा. पहिल्या ६ इंचांत दाराने सरासरी २२५० पौंडांचा आणि १२ इंचांपर्यंत सरासरी ३५०० पौंडांचा विरोध केला पाहिजे, अशा अटी होत्या. आत कोणीही बसलेले नसे. माणूस नाही, पुतळा नाही; परीक्षा दाराची होती, प्रवाशाची नव्हे.

या मानकाचे फलित काय, याचे मूल्यमापन अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. मोटार घसरून झाडावर वा खांबावर बाजूने आदळते अशा एकट्या वाहनाच्या अपघातांत मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. परंतु एका मोटारीने दुसरीला बाजूने धडक दिली असता मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडलेला नव्हता. हा निष्कर्ष फार बोलका आहे. दंडगोल हा खांबासारखाच असल्यामुळे दंडगोलाची परीक्षा उत्तीर्ण झालेले दार खांबाला पुरे पडले. चौकात समोरून येणाऱ्या मोटारीचे रुंद तोंड कोणी दारावर आदळून पाहिलेच नव्हते, आणि त्यामुळे दारही त्यासाठी घडले नव्हते.

ऑक्टोबर १९९० मध्ये नवा नियम आला. आता चाकांवरचा एक अडथळा, ज्याच्या तोंडाला मधमाशीच्या पोळ्यासारखी अॅल्युमिनियमची चुरगळणारी जाळी आहे, उभ्या मोटारीवर सोडायचा होता. त्याचे वजन १३६७ किलो आणि वेग ताशी सुमारे ५४ किलोमीटर. त्याची चाके २७ अंशांनी तिरपी वळवलेली असत. यामागची युक्ती चतुर होती. चौकात दोन्ही मोटारी चालत असतात, पण प्रयोगशाळेत दोन्ही चालवणे जिकिरीचे; म्हणून ताशी ३० मैलांनी येणारी मोटार ताशी १५ मैलांनी जाणाऱ्या मोटारीला धडकते, तो परिणाम एकाच तिरप्या अडथळ्याने साधला. आत पुढे आणि मागे असे दोन पुतळे बसवले गेले. सप्टेंबर १९९३ पासून हा नियम टप्प्याटप्प्याने अंमलात आला.

युरोपनेही याच सुमारास आपली चाचणी निश्चित केली. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचे ९५ क्रमांकाचे विनियमन १९९५ मध्ये आणि युरोपीय संघाचा निर्देश १९९६ मध्ये आला. नव्या प्रकारच्या मोटारींना ऑक्टोबर १९९८ पासून तो बंधनकारक झाला. तेथील अडथळा ९५० किलोंचा, वेग ताशी ५० किलोमीटर, धडक सरळ काटकोनात, आणि पुतळा एकच, तोही पुढच्या आसनावर. अमेरिकेचा अडथळा जड आणि युरोपचा हलका, कारण त्या त्या खंडातील रस्त्यांवरच्या मोटारीच तशा होत्या. तथापि हे ९५० किलो, तो सरळ कोन आणि तो एकटा पुतळा पुढे भारतापर्यंत आले. त्यांच्याकडे पुन्हा वळावे लागेल.

डोक्याचे विस्मरण

१९९० च्या अमेरिकन नियमात छातीचा व कमरेचा हादरा मोजला जात असे. डोक्याला मर्यादा घातलेली नव्हती. जी इजा सर्वाधिक प्राणघातक, तीच परीक्षेच्या बाहेर राहिली. अर्थात याला एक व्यावहारिक कारणही होते. अडथळ्याचे तोंड ठेंगणे होते; ते दाराच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळे आणि पुतळ्याच्या डोक्यापर्यंत काही पोहोचतच नसे. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र डोके खिडकीच्या काचेतून बाहेर फेकले जाऊन झाडावर, खांबावर किंवा उंच वाहनाच्या बॉनेटवर आपटत होते.

ही उणीव भरून काढण्याची सुरुवात कायद्याने झाली नाही. स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीने १९९१ मध्ये ८५० या मोटारीत बाजूच्या धडकेसाठी वेगळा सांगाडा योजला. पुढच्या व मागच्या दारांमधला खांब, ज्याला कारखान्याच्या भाषेत बी-पिलर म्हणतात, दाराखालचा उंबरा, छताची कड आणि आसनांखालून जाणाऱ्या आडव्या नळ्या यांची अशी सांगड घातली की दारावर आलेला भार एकट्या दाराने न सोसता तो मोटारीच्या दुसऱ्या बाजूपर्यंत वाटला जावा. जुन्या वाड्यात भिंतीवरचा भार जसा तुळयांवरून पलीकडच्या भिंतीवर जातो, तसाच हा विचार होता. त्याच मोटारीत १९९४ मध्ये आसनाच्या कडेला बसवलेली बाजूची एअरबॅग आली. ती ऑटोलिव्ह या कंपनीच्या सहकार्याने विकसित झाली होती. या एअरबॅगने छाती राखली, पण डोके अद्याप उघडे होते. १९९७ मध्ये बीएमडब्ल्यूने खिडकीवर तिरपी ताणली जाणारी फुगीर नळी आणली आणि १९९८ मध्ये व्होल्व्होच्या एस ८० मध्ये छताच्या कडेतून खाली उलगडणारी, पुढच्या व मागच्या दोन्ही खिडक्या झाकणारी पडदा-एअरबॅग आली.

डोक्याकडे लक्ष दिल्याने किती फरक पडला, हे अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या निधीवर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेच्या २००६ च्या अभ्यासात दिसते. केवळ छातीचे रक्षण करणाऱ्या एअरबॅगमुळे बाजूच्या धडकेत साध्या मोटारीच्या चालकाचा मृत्यूचा धोका २६ टक्क्यांनी घटला. डोक्याचेही रक्षण करणाऱ्या एअरबॅगमुळे तो ३७ टक्क्यांनी घटला. एसयूव्हीमध्ये हेच आकडे ३० आणि ५२ होते. कायद्याने मात्र अमेरिकेत डोके खऱ्या अर्थाने परीक्षेत आले ते २००७ च्या नियमाने. त्यात मोटार तिरपी सरकवून २५४ मिलिमीटर व्यासाच्या उभ्या खांबावर ताशी ३२ किलोमीटरपर्यंतच्या वेगाने आदळवण्याची चाचणी समाविष्ट झाली. पडदा-एअरबॅग खुद्द बाजारात आल्यानंतर नऊ वर्षांनी हे घडले.

ठेंगणी स्त्री आणि उंच गाडी

आतापर्यंतचे पुतळे मध्यम बांध्याच्या पुरुषाचे होते. विम्याच्या उपरोक्त संस्थेने २००३ मध्ये बाजूच्या धडकेची स्वतःची चाचणी सुरू केली तेव्हा दोन बदल एकदम केले. एक, अडथळ्याचे तोंड एसयूव्ही किंवा पिकअपच्या तोंडासारखे उंच केले व त्याचे वजन १५०० किलो ठेवले. दुसरा, पुढे आणि मागे बसवलेले दोन्ही पुतळे लहान चणीच्या स्त्रीचे, म्हणजे साधारणतः बारा वर्षांच्या मुलाच्याही बांध्याचे घेतले. कारण सरळ होते. अशा व्यक्तीचे डोके खिडकीच्या खालच्या भागाशी येते आणि उंच गाडीचे बॉनेटही नेमके तेथेच येते.

पहिल्याच फेरीत याचा अर्थ स्पष्ट झाला. फोर्ड एस्केप ही लहान एसयूव्ही जादा पैसे देऊन घ्यावयाच्या बाजूच्या एअरबॅगसह ‘चांगली’ ठरली आणि तीच मोटार एअरबॅगविना ‘वाईट’ ठरली. एकच कारखाना, एकच सांगाडा, एकच रंग. फरक ग्राहकाच्या खिशाचा. डिसेंबर २००३ मध्ये मोटार उत्पादकांनी स्वेच्छेने करार केला आणि सप्टेंबर २००९ पर्यंत सर्व वाहनांत बाजूच्या धडकेत डोक्याचे रक्षण करण्याची हमी दिली. पुढे २०११ मध्ये त्याच संस्थेने रस्त्यावरील प्रत्यक्ष मृत्यूंचा ताळा घेतला. या चाचणीत ‘चांगली’ ठरलेल्या मोटारीच्या चालकाचा डाव्या बाजूच्या, म्हणजे तेथे चालकाच्या बाजूच्या, धडकेतील मृत्यूचा धोका ‘वाईट’ ठरलेल्या मोटारीपेक्षा ७० टक्क्यांनी कमी आढळला. प्रयोगशाळेतील पुतळा आणि रस्त्यावरील माणूस यांचा इतका निकट मेळ क्वचितच बसतो.

काही काळाने जवळजवळ सर्व मोटारी ‘चांगल्या’ ठरू लागल्या, म्हणजे परीक्षेने भेद दाखवणे बंद केले. परीक्षकाला हा अनुभव नवा नाही. २०२१ मध्ये अडथळा १९०० किलोंचा व वेग ताशी ६० किलोमीटर करण्यात आला, आणि त्याचे तोंड खऱ्या एसयूव्हीप्रमाणे मधल्या खांबाभोवती वाकेल असे घडवले गेले. धडकेची ऊर्जा ८२ टक्क्यांनी वाढली. पहिल्या वीस लहान एसयूव्हींपैकी केवळ माझदा सीएक्स-५ ‘चांगली’ ठरली. २०२२ मध्ये मध्यम आकाराच्या सात मोटारी तपासल्या असता सुबारू आउटबॅक तेवढी ‘चांगली’ निघाली, तर टोयोटा कॅमरी, निसान अल्टिमा आणि शेव्हरोले मालिबू ‘वाईट’ ठरल्या. जुन्या परीक्षेत या सातही मोटारी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेल्या होत्या. बुटक्या मोटारीवर उंच अडथळा दाराच्या वरच्या भागात आदळतो, हे त्यांच्या अपयशाचे एक कारण. दुसऱ्या शब्दांत, शेजाऱ्याने उंच गाडी घेतली की बुटक्या मोटारीतील प्रवाशाची सुरक्षा, त्याच्या मोटारीत काहीही न बदलता, कमी होते.

युरोपीय मूल्यांकन संस्थेनेही, जिचे पहिले निकाल फेब्रुवारी १९९७ मध्ये जाहीर झाले होते, २०१५ मध्ये अडथळा १३०० किलोंचा आणि २०२० मध्ये १४०० किलोंचा केला, वेगही ताशी ६० किलोमीटरवर नेला आणि धडकेच्या विरुद्ध बाजूला बसलेल्या प्रवाशाचाही विचार सुरू केला. दोन पुढच्या आसनांच्या मध्ये फुगणारी एअरबॅग त्यानंतर अनेक मोटारींत दिसू लागली.

भारत : ९५० किलोंचा वारसा

भारतात बाजूची प्रत्यक्ष धडक देऊन पाहण्याची चाचणी ऑक्टोबर २०१७ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना बंधनकारक झाली. एआयएस-०९९ हे तिचे मानक. भारतातील वाहन-उद्योगाची ही मानके पुण्याच्या एआरएआय या संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात, त्यामुळे या इतिहासातील एक महत्त्वाचा कागद पुण्यात छापलेला आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याचा आधार युरोपचे ९५ क्रमांकाचे विनियमन हाच. युरोपने ज्या वर्षी नव्या प्रकारच्या मोटारींना ही चाचणी लावली, त्यानंतर एकोणीस वर्षांनी ती येथे आली. दरम्यान आपल्या रस्त्यांवरील मोटारी बदलून गेल्या होत्या. दीड ते दोन टनांच्या एसयूव्ही शहरांत सर्रास झाल्या होत्या, आणि चाचणीतला अडथळा मात्र ९५० किलोंचाच राहिला. साधे गणित केले तर ९५० किलो आणि ताशी ५० किलोमीटर या धडकेतील ऊर्जा, १९०० किलो आणि ताशी ६० किलोमीटर या अमेरिकन धडकेच्या जेमतेम एक-तृतीयांश भरते.

ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतीय मोटारींचे पहिले निकाल जाहीर केले तेव्हा खळबळ उडाली, परंतु ते निकाल समोरच्या धडकेचे होते. बाजूची धडक त्या पद्धतीत केवळ पाच तारे मिळवू पाहणाऱ्या मोटारीसाठी होती. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय मोटार ठरली. ज्या मोटारीला तीन वा चार तारे मिळाले, तिच्या बाजूविषयी ग्राहकाला त्या ताऱ्यांवरून काहीही कळत नव्हते, ही गोष्ट जाहिरातींत कोणी सांगितली नाही. जुलै २०२२ पासूनच्या नव्या पद्धतीने हा दोष दूर झाला.

सहा एअरबॅगचा प्रश्न याच संदर्भात पाहिला पाहिजे. बाजूच्या दोन आणि पडदा-एअरबॅग दोन, अशा चार जादा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२२ ही मुदत ऑक्टोबर २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्र्यांनी ही सक्ती करणार नसल्याचे सांगितले. त्याऐवजी १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही स्वेच्छेची मूल्यांकन योजना सुरू झाली. प्रौढ प्रवाशाच्या संरक्षणासाठी तिच्यात ३२ गुण असून त्यांपैकी १६ बाजूच्या धडकेचे आहेत. तीन किंवा अधिक तारे हवे असतील तर खांबावर बाजूने आदळण्याची चाचणीही द्यावी लागते, आणि ती पडदा-एअरबॅगविना पार पडणे कठीण. त्याच महिन्यात ह्युंदाईने आपल्या सर्व मोटारींत सहा एअरबॅग देण्याचे जाहीर केले. सक्ती मागे घेतल्यावरही बाजार त्या दिशेने सरकला, हे मान्य केले पाहिजे. परंतु या योजनेत मोटार न पाठवण्याची मुभा उत्पादकाला आहे, आणि जुन्या मोटारी घेणाऱ्या मोठ्या वर्गापर्यंत तिचा लाभ पोहोचण्यास बरीच वर्षे लागतील.

मागचे आसन

३ जून २०१४ रोजी सकाळी दिल्लीत केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला एका चौकात दुसऱ्या मोटारीने बाजूने धडक दिली. ते मागच्या आसनावर बसले होते आणि धडक ते बसले होते त्याच बाजूला बसली. मंत्रिपदाची शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. मानेच्या मणक्याला आणि यकृताला झालेल्या इजा वैद्यकीय तपासणीत नोंदल्या गेल्या. महाराष्ट्रात या मृत्यूविषयी अनेक शंका घेतल्या गेल्या. मोटारीचे बाहेरून दिसणारे नुकसान फार मोठे नसताना माणूस कसा जातो, हा प्रश्न त्यांत प्रमुख होता. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासाअंती तो अपघातच असल्याचा निष्कर्ष काढला. बाजूच्या धडकेची यांत्रिकी पाहिली तर तो प्रश्न मुळात उरत नाही. वीतभर अंतरावरच्या दाराने आत येण्यासाठी मोटारीचा चक्काचूर व्हावा लागत नाही. त्या दिवसांत सार्वजनिक चर्चा झाली ती मागच्या आसनावरील पट्ट्याची. ती आवश्यकच होती. पण दाराविषयी, खिडकीवरच्या पडद्याविषयी फारसे कोणी बोलले नाही, आणि भारतात बाजूच्या धडकेची सक्तीची चाचणी लागू व्हायला तेव्हा तीन वर्षांहून अधिक अवधी होता.

आपल्याकडे मागचे डावे आसन हे मानाचे. मंत्री, अधिकारी, प्राचार्य, लग्नाचा नवरदेव, घरातील वडीलधारे यांना तेथे बसवण्याची रीत आहे. चालक उजवीकडे पुढे, आणि मोठा माणूस त्याच्या तिरक्या बाजूला मागे. एआयएस-०९९ च्या चाचणीत अडथळा सामान्यतः चालकाच्या बाजूवर सोडला जातो आणि प्रौढ पुतळा पुढच्या आसनावर एकच असतो. भारत एनकॅपने मागे मुलांचे पुतळे बसवले. अमेरिकेने १९९० च्या नियमातच मागच्या आसनावर प्रौढ पुतळा बसवला होता. आपल्या सक्तीच्या चाचणीत मागचे डावे आसन धडकेच्या वेळी रिकामे असते.